नागपूरच्या बाहेर रिकाम्या पडलेल्या नव्या फ्लॅट स्कीम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान कोणासाठी आहे?

वर्धा रोड, हिंगणा, उमरेड रोड, काटोल रोड, बेसा-बेलतरोडीच्या पुढे, बुटीबोरीच्या आसपास, म्हणजे जिथं शहर संपून शेतं लागतात त्या पट्ट्यात नवा पण कित्येक वर्षं न विकलेला फ्लॅट "एकदम स्वस्तात मिळून राहिला" असं ज्यांना कोणीतरी सांगितलंय त्यांच्यासाठी. आणि ज्यांचे पैसे तिथं आधीच अडकलेत त्यांच्यासाठी तर नक्कीच. हे वाचून वकिलाला कागद दाखवायचे सोडू नका, पण वकिलाकडे जायच्या आधी काय विचारायचं ते तुम्हाला माहीत असावं एवढ्यासाठी हे लिहिलंय.

शहराबाहेर इतके फ्लॅट पडून का राहिले?

कारण घरं आधी बांधली गेली आणि नोकऱ्या मागाहून आल्या, त्याही वाटल्या होत्या तेवढ्या आल्या नाहीत. मिहानसाठी (विमानतळाजवळचा कार्गो आणि उद्योगांचा प्रकल्प, त्यातच सेझ म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र) महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी २००२ मध्ये निघाली, मग काही वर्षांतच खापरी, जामठा, डोंगरगाव, गुमगाव इकडे जमिनीला असे भाव आले की लोकांचा विश्वास बसेना, २००८ मध्ये जामठ्याचं स्टेडियम सुरू झालं तेव्हा तर वर्धा रोडवर प्रत्येक वळणावर कोणत्या ना कोणत्या टाउनशिपचं होर्डिंग होतं. घेणारे कोण होते? राहायला येणारे कमी आणि "दोन-चार वर्षांत डबल होईल" म्हणून घेऊन ठेवणारे जास्त, त्यात पुण्या-मुंबईचे होते, बाहेर देशातले होते, चंद्रपूर-यवतमाळचे होते. मग २०११ च्या बजेटमध्ये सेझवर मॅट टॅक्स, म्हणजे कंपन्यांना भरावाच लागणारा किमान कर, लागला आणि देशभरातच सेझमध्ये यायचा कंपन्यांचा उत्साह ओसरला. मिहानमध्ये पुढे टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस आल्या, एम्स आलं, बोईंगने बांधलेलं विमान दुरुस्तीचं केंद्र आलं, हे सगळं खरं आहे आणि चांगलंच झालं, पण तोपर्यंत बांधून ठेवलेल्या घरांचं व्याज चालूच होतं ना.

त्यात नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी, मे २०१७ मध्ये रेरा (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा कायदा), जुलैमध्ये जीएसटी, सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ही मोठी फायनान्स कंपनी बुडाल्यावर फायनान्स कंपन्यांनी बिल्डरांचा हात सोडला. रेरा यायलाच पाहिजे होता, त्याबद्दल माझ्या मनात काडीचीही शंका नाही, पण नव्या गिऱ्हाइकाच्या पैशातून जुनी स्कीम पूर्ण करायची जी सवय होती ती एकदम तुटली आणि ज्यांचं सगळं त्याच फिरवाफिरवीवर चालत होतं त्यांची कामं जिथल्या तिथं थांबली.

पण भाव तर उतरलेले दिसत नाहीत, मग क्रॅश कसला?

इथला क्रॅश रेटच्या बोर्डावर दिसत नाही. शेअरसारखा आकडा खाली येत नाही, फक्त विक्री थांबते. बोर्डावर तोच रेट राहतो आणि त्या रेटने घेणारा कोणी नसतो. रेट उघडपणे न उतरवायची बिल्डरची कारणं आहेत. एक तर आधी ज्यांनी महाग घेतलंय ते येऊन बसतील. दुसरं, बँकेने जे कर्ज दिलंय ते त्या रेटच्या हिशोबाने दिलंय, रेट उतरवला की तारणाची किंमत उतरते.

तिसरं कारण लोकांना माहीत नसतं, ते रेडी रेकनरचं, म्हणजे सरकारने ठरवलेल्या भावाचं. समजा रेकनरने फ्लॅटची किंमत ३० लाख निघते आणि बिल्डर तुम्हाला २५ लाखात द्यायला तयार आहे. स्टॅम्प ड्युटी तरी ३० लाखावरच लागेल, शिवाय फरक १० टक्क्यांच्या वर गेला म्हणून इन्कम टॅक्सवाले बिल्डरचीही विक्री ३० लाखाची धरतील आणि तुमच्याही उत्पन्नात तो ५ लाखाचा फरक जोडतील. म्हणून मग रेट कमी करायच्या ऐवजी मॉड्युलर किचन फुकट, पार्किंग फुकट, रजिस्ट्रीचा खर्च आमचा, असं चालतं. २०१९-२० च्या केंद्र सरकारच्या आर्थिक पाहणी अहवालातच लिहिलं होतं की बिल्डरांनी भाव उतरू द्यावेत आणि पडून असलेली घरं काढून टाकावीत. झालं मात्र फारसं नाही.

तुम्हाला भाव करायचा असेल तर याचा फायदा घ्या. मोफत वस्तू नको म्हणा आणि त्यांची किंमत कमी करून मागा, रेकनरच्या १० टक्क्यांच्या आत बसत असेल तर अडचण काहीच नाही.

स्कीम खरंच किती रिकामी आहे हे कसं कळेल?

सेल्स ऑफिसमध्ये विचारू नका, तिथं नेहमी "शेवटचे चारच राहिलेत" असतात.

पहिले महारेराच्या, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या, वेबसाइटवर जा, प्रोजेक्टचा नंबर टाका. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड देणं बंधनकारक आहे, तो स्कॅन केला तरी पान उघडतं. तिथं बिल्डरने स्वतः भरलेली माहिती असते, कोणत्या विंगमध्ये किती फ्लॅट, किती बुक झाले, काम किती झालं, पूर्ण करायची तारीख काय होती आणि ती किती वेळा पुढे ढकलली, कोणत्या केसेस चालू आहेत, जमिनीवर कोणाचा बोजा आहे. दर तीन महिन्यांनी ही माहिती अपडेट करायची असते, वर्ष-दीड वर्ष अपडेटच नसेल तर तेच उत्तर समजा.

मग नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर त्याच स्कीमचे इंडेक्स टू, म्हणजे झालेल्या रजिस्ट्रीचे उतारे, काढून बघा. याची सवय आपल्याकडे कमी लोकांना आहे आणि मला वाटतं प्रत्येकाने लावून घ्यावी, कारण शेजारच्याने खरंच किती रुपयांत घेतला, कोणत्या साली घेतला आणि मागच्या दोन वर्षांत एकतरी रजिस्ट्री झाली का हे तिथं दिसतं. बोर्डावरचा रेट आणि इंडेक्स टू मधला आकडा जवळ ठेवून बसा, अर्धी बोलणी तिथंच होते.

आणि मग प्रत्यक्ष जा, पण रविवारी दुपारी गाडी पाठवतात तेव्हा नाही. कामाच्या दिवशी रात्री आठच्या सुमारास जा आणि किती खिडक्यांत लाइट आहे ते मोजा. खाली मीटरच्या खोलीत जाऊन किती मीटर फिरून राहिले ते बघा. बाल्कनीत वाळत घातलेले कपडे, उन्हाळ्यात लावलेले कूलर, खाली उभ्या असलेल्या लहान मुलांच्या सायकली, हे सगळं बघा. ८० फ्लॅट विकले गेले असतील आणि २० मध्येच माणसं राहत असतील असं होऊ शकतं, कारण विकला गेलेला आणि राहता फ्लॅट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या कामाचा आकडा दुसरा आहे.

स्वस्त मिळून राहिलाय तर शेजारी रिकामं असलं म्हणून माझं काय जाते?

सगळ्यात जास्त जे जाते ते इथंच जाते, म्हणून हे जरा सविस्तर.

धरा ६० फ्लॅटची स्कीम आहे आणि चौकीदार, लिफ्टचं मेंटेनन्स, पाण्याचा पंप, जिन्यातले लाइट, झाडलोट असं सगळं मिळून महिन्याला ६० हजार लागतात. सगळे राहत असतील आणि सगळे देत असतील तर घरटी हजार रुपये. पण १८ च घरं भरलेली असतील आणि बाकीचे देत नसतील तर तोच खर्च घरटी ३,३०० च्या वर जातो. एवढे कोणी देत नाही, मग पहिले रात्रीचा चौकीदार बंद होतो, मग दोनपैकी एक लिफ्ट बंद होते, मग जिन्यातले लाइट जातात, आणि हे बघून जो घ्यायला आला होता तो परत जातो. भरलेल्या १८ पैकी ज्यांना शक्य आहे ते शहरात किरायाने निघून जातात. मागे राहतात ते ज्यांच्याकडे दुसरा इलाजच नाही, रिटायरमेंटचा पैसा टाकलेले, लोनचे हप्ते भरणारे.

बंद फ्लॅट गप्प पडून राहत नाही हे पण लक्षात ठेवा. आपल्याकडचा ४५-४६ डिग्रीचा उन्हाळा आणि मग जुलैचा पाऊस, वरच्या बंद फ्लॅटची गळती कोणाच्या लक्षात येत नाही आणि ओल तुमच्या छताला येते. वरच्याचं दार उघडायला मालक सापडत नाही, तो बंगळुरूत असतो किंवा फोन उचलत नाही. ड्रेनेजचे ट्रॅप कोरडे पडतात, वास येतो, झुरळं येतात. दार-खिडक्या, नळाच्या तोट्या, वायर चोरीला जातात. शहरातल्या गल्लीत कोणीतरी बघणारं असतं, इथं नसतं, आणि संध्याकाळी क्लासवरून परत येणारी मुलगी त्या अंधाऱ्या रस्त्याने येणार असते.

कायद्याने काय आहे तर रेरानुसार सोसायटी किंवा अपार्टमेंट असोसिएशनच्या ताब्यात देईपर्यंत सोयी चालू ठेवायची आणि बाहेरची देणी भरायची जबाबदारी बिल्डरची आहे. तेव्हा घ्यायच्या आधी सरळ विचारा, न विकलेल्या फ्लॅटचं मेंटेनन्स तुम्ही भरता का, भरत असाल तर मागच्या सहा महिन्यांच्या पावत्या दाखवा. आणि तिथं राहणाऱ्या दोन-तीन घरी जाऊन बसा. लोक मनापासून सांगतात, चहा पण देतात.

पाण्याचं काय पाहायचं?

शहरात पेंच आणि कन्हानचं पाणी आहे. हद्दीच्या बाहेर निघालात की स्कीमनुसार वेगळं असतं, कुठं ग्रामपंचायतीची लाइन, कुठं फक्त बोअर, कुठं टँकर. बोअरचं पाणी जानेवारीत बघून काही कळत नाही, मेमध्ये बघा, नाहीतर मेमध्ये किती टँकर आले आणि पैसे कोणी दिले ते राहणाऱ्यांना विचारा. पाण्यासाठी घरं पडून राहतात हे म्हाडाच्या विरार-बोळींजला अख्ख्या महाराष्ट्राने पाहिलंय, मुंबईच्या इतक्या जवळ, सरकारी घरं, तरी लॉटरीत लागलेले लोक पाण्याच्या काळजीने मागे फिरले आणि हजारो घरं कित्येक वर्षं शिल्लक होती.

ओसी नाही पण पझेशन घेऊन टाका म्हणतात, घ्यावं का?

नाही. ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, ते नाही म्हणजे ती इमारत राहायला योग्य आहे असं मंजुरी देणाऱ्या संस्थेने म्हटलेलंच नाही. शहराबाहेर ही मंजुरी मुख्यतः एनएमआरडीएची (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची) असते, त्यांच्याकडे ७०० हून जास्त गावं आहेत, शहरात महापालिका किंवा नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास), तेव्हा तुमची स्कीम नेमकी कोणाच्या हद्दीत येते आणि नकाशा कोणी मंजूर केला हे आधी बघा. "ग्रामपंचायतीची परमिशन आहे" असं कोणी म्हणालं तर तो कागद वकिलाकडे घेऊन जा, एकट्याने ठरवू नका.

रेडी फ्लॅटवर जीएसटी लागतो का?

ओसी किंवा पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर विकला तर नाही लागत. काम चालू असताना घेतला तर ५ टक्के, आणि ४५ लाखाच्या आतला, आपल्या नागपुरात ९० चौरस मीटर कार्पेटपर्यंतचा असेल तर १ टक्का. "रेडी पझेशन आहे पण जीएसटी भरा" असं सांगत असतील तर ओसी नसल्याची ती कबुलीच आहे.

लोन मिळेल का?

३० लाखापर्यंतच्या लोनला बँक घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देऊ शकते, त्याच्यावर ७५ लाखापर्यंत ८० टक्के. पण किंमत म्हणजे बँकेच्या माणसाने काढलेली किंमत, आणि रिकाम्या स्कीमला तो हात आखडता घेतो. स्टॅम्प ड्युटी-रजिस्ट्रेशन साधारणपणे त्यात धरत नाहीत, ते खिशातून. मी तर म्हणेन घेणार नसाल तरी एखाद्या सरकारी बँकेत कागद देऊन बघा, बँकेने नाही म्हटलं तर का म्हटलं ते विचारा, ते फुकटात मिळालेलं तपासणीचं उत्तर आहे. फक्त एकाच प्रायव्हेट फायनान्स कंपनीकडून लोन होईल असं बिल्डर म्हणत असेल तर थांबा.

अजून एक, पझेशनपर्यंत हप्ता बिल्डर भरणार अशा स्कीम असतात. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये काम न होता पैसे आधीच सोडायला बँकांना मनाई केली, नॅशनल हाउसिंग बँकेने २०१९ मध्ये हाउसिंग फायनान्स कंपन्यांना पण अशा स्कीमपासून दूर राहायला सांगितलं. कारण लोन तुमच्या नावावर असतं, बिल्डरने हप्ता थांबवला की फोन तुम्हाला येतो आणि सिबिल तुमचं खराब होतं.

तसंच सगळ्या स्कीमवर बिल्डरने कर्ज काढलेलं असू शकतं. तुमच्या फ्लॅटपुरतं त्या बँकेचं एनओसी किंवा रिलीज लेटर हातात आल्याशिवाय बयाण्याच्या पुढे जाऊ नका.

किरायाने देऊन हप्ता निघेल का?

बाहेरच्या पट्ट्यात नाही निघत. ३० लाखाचा फ्लॅट, २७ लाखाचं लोन, ८.५ टक्के, २० वर्षं, हप्ता झाला साधारण २३,४०० रुपये. किराया ८ हजार धरा, त्यातून मेंटेनन्सचे दीड हजार काढा, उरले साडेसहा. म्हणजे महिन्याला जवळपास १७ हजार, वर्षाला दोन लाख तुमच्या पगारातून, आणि हे बारा महिने किरायेदार असेल तर. बुटीबोरी एमआयडीसीत किंवा मिहानमध्ये काम करणारा माणूस फ्लॅट शोधतो तेव्हा त्याच्यासमोर त्याच स्कीममधले वीस रिकामे फ्लॅट असतात, तो सगळ्यात स्वस्त घेतो, त्यामुळे किराया वाढत पण नाही.

मी आधीच पैसे भरलेत आणि काम बंद पडलंय, आता काय करू?

पहिले कागद गोळा करा. अ‍ॅग्रीमेंट, पावत्या, बँक स्टेटमेंट, व्हॉट्सअ‍ॅपवर दिलेली आश्वासनं, ब्रोशर सुद्धा, कारण जाहिरातीत लिहिलेलं पण रेरात ग्राह्य आहे. रजिस्टर्ड अ‍ॅग्रीमेंट न करता १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत, घेतले असतील तर तो बिल्डरचा दोष, तुमची केस त्याने कमजोर होत नाही.

ठरलेल्या तारखेला पझेशन नाही दिलं तर रेराच्या कलम १८ खाली दोन रस्ते आहेत. बाहेर पडायचं असेल तर सगळे पैसे व्याजासकट परत, आणि थांबायचं असेल तर पझेशनपर्यंत दर महिन्याचं व्याज. व्याजाचा दर महाराष्ट्रात स्टेट बँकेच्या सर्वात वरच्या एमसीएलआरपेक्षा, म्हणजे कर्जाच्या मूळ दरापेक्षा, २ टक्के जास्त. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये न्यूटेक प्रमोटर्सच्या निकालात स्पष्ट म्हटलंय की उशीर झाला असेल तर पैसे परत मागायचा हा हक्क बिनशर्त आहे, बिल्डरची अडचण काय होती याच्याशी त्याचा संबंध नाही. तक्रार ऑनलाइन होते, फी ५ हजार आहे, वकील असलाच पाहिजे असं नाही पण असला तर बरं.

आता खरी अडचण. ऑर्डर मिळणं आणि पैसे मिळणं यात बराच काळ जातो. ऑर्डरनंतर वसुलीचं वॉरंट निघतं आणि ते कलेक्टर ऑफिसमार्फत महसुली थकबाकीसारखं वसूल होतं, आणि बिल्डरच्या नावावर काही शिल्लकच नसेल तर वॉरंट फाइलमध्ये पडून राहतं. म्हणून एकटे लढू नका. स्कीममधले सगळे एकत्र या, असोसिएशन करा. प्रोजेक्टची नोंदणी संपली किंवा रद्द झाली तर उरलेलं काम कोणाकडून करून घ्यायचं हे कलम ८ खाली ठरतं आणि त्यात पहिला हक्क घर घेणाऱ्यांच्या असोसिएशनचा असतो. जिथं ७०-८० टक्के काम झालंय आणि न विकलेले फ्लॅट पण शिल्लक आहेत तिथं ते विकून काम पूर्ण करणं जमू शकतं, बघण्यासारखा रस्ता आहे. जिथं फक्त पिलर उभे आहेत तिथं अवघड आहे आणि खोटी आशा कोणी देऊ नये.

दिवाळखोरीत कंपनीला ओढायचा मार्ग पण आहे, २०१८ पासून घर घेणाऱ्यांना कर्ज देणाऱ्यांच्या रांगेत जागा मिळाली, पण २०२० पासून एका प्रोजेक्टचे १०० जण किंवा १० टक्के, यातले जे कमी तेवढे लोक सोबत लागतात. आणि तो मार्ग लांबचा आहे. पुण्याजवळचं लवासा हे खासगी शहर आठवा, २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयाची नोटीस, २०१८ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया, आणि त्याच्यानंतरही घरवाल्यांना वर्षानुवर्षं वाट पाहावी लागली.

आठ फ्लॅटपर्यंतची किंवा ५०० चौरस मीटरच्या आतल्या जागेवरची स्कीम असेल, आपल्याकडे अशा पुष्कळ आहेत, तर तिला रेराची नोंदणी लागत नाही. तिथं ग्राहक आयोग आणि १९६३ चा मोफा, म्हणजे फ्लॅट मालकीचा राज्याचा जुना कायदा आहे.

बाकी देशांत असं झालं तेव्हा पुढे काय झालं?

आयर्लंडचं उदाहरण मला सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं. लीट्रिम, लाँगफर्ड अशा कमी वस्तीच्या भागात १९९८ पासून घर बांधणाऱ्याला टॅक्समध्ये सूट होती, म्हणून तिथं गरज नसताना घरं झाली. २००८ मध्ये बाजार कोसळला आणि २०१० च्या सरकारी पाहणीत २,८०० हून जास्त अर्धवट वसाहती निघाल्या. अर्धवट रस्ते, उघडी गटारं, आणि त्यात राहणारी दोन-चार कुटुंबं. काही पूर्ण केल्या, काही चक्क पाडल्या. आणि पुढे काही वर्षांतच त्याच देशात डब्लिनला घरं मिळेनाशी झाली. म्हणजे देशात घरं जास्त होती का कमी होती? दोन्ही होतं, फक्त जागा वेगवेगळ्या होत्या. नागपुरात पण मनीष नगर-त्रिमूर्ती नगरात किरायाचं घर मिळायला फिरावं लागतं आणि वीस किलोमीटरवर मजलेच्या मजले बंद आहेत.

स्पेनमध्ये सियुदाद रियालला एक अब्ज युरोच्या वर खर्च करून एअरपोर्ट बांधलं, ते २०१२ मध्ये बंद पडलं. स्पेनमध्येच माद्रिदच्या बाहेर सेसेन्या आणि वाल्देलुझ या वसाहती कित्येक वर्षं भुताच्या म्हणून गाजल्या, पण माद्रिदमध्ये घरं महाग झाली तशी त्या हळूहळू भरल्या. त्याला दहा-बारा वर्षं लागली, आणि ज्यांनी तेजीच्या टोकाला घेतलं होतं त्यांना त्याचा काही उपयोग झाला नाही. चीनमध्ये तर एव्हरग्रांडसारखी मोठी बिल्डर कंपनी जानेवारी २०२४ मध्ये कोर्टाने गुंडाळायला लावली, आणि त्याच वर्षी मे महिन्यात तिथल्या केंद्रीय बँकेने न विकलेली घरं घेऊन स्वस्तात द्यायला ३०० अब्ज युआनची योजना काढली.

यातून एवढंच दिसतं की मोठ्या कामाच्या शहराच्या रोजच्या अंतरात असलेली रिकामी घरं उशिरा का होईना भरतात आणि लांबची भरत नाहीत.

मेट्रो बुटीबोरीला जाणार, समृद्धी झाला, मग भाव वाढेलच ना?

वाढू शकतो, पण किती वर्षांनी ते बघा. नागपूर मेट्रोच्या पहिल्या टप्प्याला केंद्राची मंजुरी २०१४ ची, खापरीपर्यंत गाडी मार्च २०१९ मध्ये आली आणि टप्पा पूर्ण झाला डिसेंबर २०२२ मध्ये. दुसऱ्या टप्प्याला, बुटीबोरी, हिंगणा, कन्हान, कापसीकडचा ४३.८ किलोमीटर, डिसेंबर २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. पहिल्याला आठ वर्षं लागली, त्यावरून अंदाज करा आणि तेवढे हप्ते तुम्हाला झेपतात का ते बघा. स्टेशनपासून स्कीमपर्यंत शेवटचे तीन किलोमीटर कसे जायचे हे पण बघा, शहराची 'आपली बस' तिथं येते का, रात्री ऑटो मिळतो का.

समृद्धी तर लांब जाणाऱ्यांचा रस्ता आहे. शिवमडक्याला चढून गाडी थेट पुढे निघून जाते, त्याच्याने बाजूच्या फ्लॅटमध्ये माणसं राहायला येत नाहीत.

त्यापेक्षा प्लॉट घेऊ का?

प्लॉटला मेंटेनन्स नाही, लिफ्ट नाही, ते बरोबर, पण कागदांची भीती दुप्पट. एनए (बिगरशेती) झालंय का, लेआउट एनएमआरडीएने मंजूर केलाय का, शहरातला असेल तर आरएल, म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं पत्र, आहे का, सातबारावर कोणाचं नाव आहे, फेरफार झालाय का. "होऊन जाईल" म्हणणाऱ्यांवर भरोसा ठेवून लोक २००१ च्या गुंठेवारी कायद्याच्याही (बेकायदा पाडलेले छोटे प्लॉट नियमित करायचा कायदा) आधीपासून थांबलेत. मंजूर लेआउट रेरात नोंदलेला असेल आणि तुम्हाला दहा वर्षं पैसे लागणार नसतील तरच.

आम्ही अशाच स्कीममध्ये राहतो, अर्धे फ्लॅट बंद आहेत. आता काय?

असोसिएशन नसेल तर आजच कामाला लागा, निम्म्याहून जास्त फ्लॅट बुक झाले की तीन महिन्यांत ती करून द्यायची जबाबदारी बिल्डरची आहे आणि करत नसेल तर तुम्ही स्वतः पुढे होऊ शकता. नागपुरात बऱ्याच स्कीम सोसायटीऐवजी अपार्टमेंट कायद्याखाली असतात, तुमचं डीड ऑफ डिक्लरेशन, म्हणजे इमारत त्या कायद्याखाली आणायचं घोषणापत्र, झालंय का ते काढा. मग बंद फ्लॅटच्या मालकांची यादी इंडेक्स टू वरून बनवा, एकेकाला फोन करा. मेंटेनन्स द्यायला नाही म्हणणाऱ्याला सांगा की किल्ली आमच्याकडे ठेवा, आम्ही महिन्यातून एकदा उघडू, पाणी सोडू, आणि किरायेदार पण शोधून देऊ. ओळखीच्या एका स्कीममध्ये राहणाऱ्यांनी असंच केलं, नर्सिंग स्टाफ आणि कंपनीतल्या पोरांना कमी किरायाने घरं लावून दिली, मालकांना मेंटेनन्सपुरते पैसे सुटले आणि स्कीममध्ये संध्याकाळी माणसं दिसायला लागली, मग खाली किराणा दुकान पण आलं.

बांधकामातला मोठा दोष, गळती, भेगा, असं काही असेल तर पझेशनपासून पाच वर्षांच्या आत लेखी कळवा, बिल्डरने ३० दिवसांत स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायचं असतं. तोंडी सांगत बसू नका, ईमेल आणि रजिस्टर पोस्ट दोन्ही करा.

मुलगा पुण्यात आहे, आम्हा दोघांसाठी तिकडे घेऊन देतो म्हणतो. शांत आहे, हवा चांगली आहे. जावं का?

काका-काकू, हवा खरंच चांगली असते. पण आधी त्याच स्कीममध्ये एक वर्ष किरायाने राहून बघा, इतके रिकामे आहेत की घर मिळायला काही अडचण नाही आणि मुलाचे पैसेही अडकत नाहीत. त्या वर्षात एक उन्हाळा निघेल, एक पावसाळा निघेल. रात्री दोन वाजता लाइट गेली तर लिफ्टचं काय होतं, छातीत दुखलं तर अ‍ॅम्ब्युलन्स किती वेळात येते, औषधाचं दुकान पायी जाण्याइतकं जवळ आहे का, दूधवाला वर येतो का, हे सगळं कळेल. चौथ्या मजल्यावर तुम्ही दोघंच असाल तर तो फ्लॅट नका घेऊ, पहिला किंवा दुसरा मजला बघा आणि समोरच्या दारात कोणीतरी राहतंय याची खात्री करूनच बयाणा द्या.